सहीपुरत्या बाया नकोत, रजिस्टर त्यांच्या हाती द्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

14 एप्रिल जवळ आला की गावोगावी बॅनर लागतात आणि त्यांतल्या निम्म्यांवर एक वाक्य हमखास असते. समाजाची प्रगती मी त्या समाजातल्या स्त्रियांनी केलेल्या प्रगतीवरून मोजतो, अशा अर्थाचे. बाबासाहेब हे बोलले ते आपल्याच नागपुरात, 20 जुलै 1942 रोजी, अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेत. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क हवा, एकीवर दुसरी बायको करण्याला कायद्याने बंदी हवी, गिरणी, विडी, नगरपालिका आणि रेल्वेतल्या कामगार बायांना रजा, अपघाताची भरपाई आणि निवृत्तिवेतन हवे, गिरणीत बायांवर देखरेखीला बाईच नेमावी, असे ठराव तिथे झाले. मंच बायांचा, अध्यक्ष बाई, मागण्याही बायांच्या. त्या काळात नागपुरात गिरणी कामगारांत राधाबाई कांबळे आणि मुलींच्या शाळेसाठी जाईबाई चौधरी उभ्या होत्या. आपली चळवळ या पायावर उभी आहे.

आज त्याच विदर्भातल्या एखाद्या गावात वनहक्काची, दारूबंदीची किंवा अत्याचाराच्या प्रकरणाची बैठक बघा. सतरंजीवर बाया जास्त असतात. पण माइक, प्रोसिडिंगचे रजिस्टर, बँकेचे पासबुक आणि तालुक्याला जायची मोटरसायकल या चारही गोष्टी पुरुषांकडे असतात. बायांकडे स्वयंपाक, स्वागतगीत, घोषणा आणि सह्या. यात अन्याय आहेच. पण या कामात असलेल्या आम्हा कार्यकर्त्यांना आज त्याहून निकडीची गोष्ट मांडायची आहे. कामाच्या या वाटणीमुळे आपले दावे परत येतात, अर्ज फेटाळले जातात, खटले सैल पडतात. ते कसे, ते कागदासकट सांगतो.

आधी वेळ. ग्रामसभा ठरलेल्या तारखांना होतात: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. झेंडा झाला की दहा-अकराला सभा. आता 1 मे घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या जंगलपट्ट्यात तो तेंदूपत्त्याचा हंगाम. बाई पहाटे चारला घर सोडते, दहा-अकराला डोक्यावर पानांचे ओझे घेऊन परतते. मग सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, चार-पाचला फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. अकराच्या सभेला ती येईल कशी? 2 ऑक्टोबरच्या सुमारास वर्धा-यवतमाळकडे सोयाबीनची सोंगणी असते. दिवाळीपासून पुढे कापसाची वेचणी, आणि वेचणी किलोवर असल्याने अर्धा दिवस सोडला तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. मग पुढारी म्हणतात, बायांना आवड नाही. आवडीचा संबंधच नाही. तेंदूच्या दिवसांत सभा संध्याकाळी फळीवरच घ्या, तिथे सगळ्या असतातच. कापसाच्या पट्ट्यात आठवडी बाजाराचा दिवस धरा, कारण त्या दिवशी मजुरीचा चुकारा होतो आणि बहुतेक वावरांत काम बंद असते. रात्री घ्यायची तर साडेआठनंतर, जेवणे उरकल्यावर, आणि बायांच्या मोहल्ल्यात. समाजमंदिर गावाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर रात्री नऊला तरुण सून तिकडे पाठवली जात नाही, हे सगळ्यांना माहीत असते आणि बैठक ठरवताना कोणी बोलत नाही.

दुसरे, महिला सभा. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्याने प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणे बंधनकारक आहे. ती बहुतेक ठिकाणी कागदावर होते. चपराशी घरोघरी रजिस्टर फिरवतो, बाया चुलीपाशी बसून सही किंवा अंगठा देतात, वरची जागा कोरी असते. मजकूर नंतर भरला जातो. कोऱ्या जागेखालची सही फार महाग पडते. त्या जागेत रेतीघाटाला संमती लिहिली गेली, तर "सर्व महिलांच्या उपस्थितीत" हे शब्द तुमच्याच विरोधात उभे राहतात. म्हणून क्रम पक्का ठेवायचा: आधी ठराव बोलायचा, मग लिहायचा, मग मोठ्याने वाचायचा, मग सूचक आणि अनुमोदकाचे नाव, मग मजकूर संपतो तिथे आडवी रेघ, आणि रेघेखाली सह्या. रेघेच्या वर बोटभरही जागा सोडायची नाही. लगेच मोबाइलवर फोटो आणि आठवडाभरात नकलेसाठी लेखी अर्ज. महिला सभेचे ठराव मुख्य ग्रामसभेत वाचले जावेत म्हणून विषयपत्रिकेत ते पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर घालून घ्यावे. शेवटी ठेवले तर कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) मोडून जातो. ग्रामसभेचा कोरम मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जो आकडा कमी असेल तो. पण तहकूब झालेल्या सभेला कोरम लागत नाही. सभा मुद्दाम तहकूब करून पुढच्या वेळी पंधरा माणसांत काम उरकण्याची वाट इथूनच निघते, आणि त्या पंधरांत बाई नसते.

रजिस्टर कोणी लिहायचे हा प्रश्न म्हणूनच मोठा आहे. गावात बारावी झालेली एक तरी सून असते. बचत गटाची सचिव तर असतेच. दहा-बारा बायांचा गट दरमहा बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, दंड, हजेरी असे सगळे वहीवर ठेवतो, बँकेचे कर्ज काढतो आणि फेडतो. त्याच बाया संघटनेत आल्या की "हिशेब बायांना जमणार नाही" असे कसे होते, याचे उत्तर आम्हाला आजवर कोणी दिलेले नाही. संघटनेच्या खात्यावर तीन नावे असावीत, त्यांतल्या दोघांच्या सहीने पैसे निघावेत, आणि त्या दोन सह्यांत एक बाईची असलीच पाहिजे, असा ठराव बँकेला द्या. दर महिन्याला पासबुक भरून आणा आणि बैठकीत ओळीओळीने मोठ्याने वाचा. यात फसगत कुठे होते तेही सांगतो: बाईच्या सहीचे कोरे चेक एकदम दहा घेऊन ठेवले जातात. तसे झाले तर तिची सही असून नसल्यासारखीच.

वनहक्काकडे वळतो, कारण तिथे कायदा बाईच्या बाजूने आहे आणि तरी ती सुटते. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 4(4) प्रमाणे वनजमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे संयुक्त निघतो. घरात एकटीच कर्ती असेल तर तिच्या एकटीच्या नावे. वनहक्क समितीत 10 ते 15 सदस्य आणि त्यांत किमान एक तृतीयांश बाया. 2012 च्या सुधारित नियमांनी वनहक्काच्या ग्रामसभेचा कोरम निम्म्यावर आणला, पण हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया असल्या पाहिजेत अशी अट घातली. ही अट फार जपायची. हजेरीपट सरमिसळ भरला, बायांची संख्या वेगळी मोजून लिहिली नाही, तर दावा परत पाठवायला उपविभागस्तरीय समितीला तेवढे कारण पुरते. हजेरीचे दोन वेगळे ताव करा, पुरुषांचा एक आणि बायांचा एक, आणि ठरावाच्या पहिल्याच ओळीत दोन्ही आकडे लिहा. एकल बायांचे, म्हणजे विधवा, टाकलेल्या आणि बिनलग्नाच्या बायांचे दावे सगळ्यात जास्त बुडतात. नमुना भरताना कुटुंबप्रमुख म्हणून दिराचे किंवा मुलाचे नाव टाकले जाते आणि तिची वहिवाट त्यात विरघळते. म्हणून वैयक्तिक दाव्याचा नमुना अ भरायला बसण्याआधी गावातल्या एकल बायांची यादी आधी करावी आणि त्यांचे दावे पहिल्या दिवशी भरावे. दावा नामंजूर झाला तर वरच्या समितीकडे जायला 60 दिवस असतात. नामंजुरीचा कागद दिराच्या हातात पडला तर तिचे 60 दिवस कपाटात जातात.

सामूहिक वनहक्काच्या नमुना क मध्ये गावाची पारंपरिक हद्द दाखवावी लागते. जीपीएसचे यंत्र घेऊन पोरे हद्द फिरतात आणि नकाशा करतात. पण कोणत्या नाल्यापलीकडे कोणत्या गावच्या बाया मोह वेचतात, कोणत्या झाडाखालचा पालापाचोळा कोणत्या घराने जाळायचा आणि झाडायचा, कडूकांदा कुठे, चारोळी कुठे, हे बायांना पाठ असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोहाखालची जागा स्वच्छ करून ठेवतात ना, त्या जागा म्हणजे वहिवाटीचा पुरावाच आहे. शिवारफेरीला बाया नसतील तर नकाशा दोन-तीन नाले आत येतो. मग पुढे शेजारच्या गावाशी भांडण, आणि वनखात्याला ते हवेच असते. नियम 13 मध्ये वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात. तिथे "वडीलधारे" म्हणजे म्हातारे पुरुष असा अर्थ कोणीही काढू नये. सासुरवाशीण म्हणून आलेल्या आणि चाळीस-पन्नास वर्षे त्याच जंगलात फिरलेल्या म्हातारीचा जबाब जास्त भरीव निघतो.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हापासून गडचिरोलीत कितीतरी ग्रामसभा स्वतः बांबू आणि तेंदू विकू लागल्या. पैसा गावात आला. पण तेंदूची पाने तोडते बाई, बांधते बाई, आणि तोडणीचे कार्ड बहुतेक घरांत नवऱ्याच्या नावे, म्हणून मजुरी आणि पुढचा बोनस त्याच्या खात्यात. एक हजार पुड्यांची एक गोणी, म्हणजे सत्तर हजार पाने, एकेक करून तोडलेली. हा हिशेब कोणाच्या बोटांनी केला ते कार्डावर दिसले पाहिजे. ग्रामसभेने एक साधा ठराव घ्यावा: कार्ड तोडणाऱ्याच्या नावे.

दारूबंदीचे काम बायांचेच समजले जाते, तरी तिथलीही गणिते पुरुषांनी चुकवलेली आम्ही पाहतो. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे गावातले परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी आधी 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज द्यावा लागतो, मग सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली (दुकान चालू) आणि आडवी बाटली (दुकान बंद). जिंकायला मतदान केलेल्यांच्या निम्मी मते पुरत नाहीत, मतदारयादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त लागतात. समजा यादीत 640 बाया आहेत. सह्या 160 हव्यात. आडव्या बाटलीला 321 हव्यात. आता त्या 640 मध्ये मेलेल्या 20, लग्न होऊन गेलेल्या मुली 50, मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या 60 असतील, तर त्या 130 जणी न येता दारूच्या बाजूने मोजल्या जातात. उरलेल्या 510 मधून 321 काढायच्या, म्हणजे दहातल्या सहा-सात बाया मतदानाला याव्या लागतात आणि सगळ्यांनी एकच चिन्ह धरावे लागते. म्हणून मोर्चाच्या आधी मतदारयादी घेऊन बसायचे. मयतांसाठी नमुना 7, लग्न होऊन गेलेल्यांचे नाव सासरी हलवायला नमुना 8. बीएलओ, म्हणजे मतदारयादीचे काम पाहणारी केंद्रस्तरीय अधिकारी, पुष्कळदा अंगणवाडीताईच असते, तिला सोबत घ्या. मतदानाची तारीख मिरचीच्या हंगामाबाहेर मागा.

सह्यांच्या पडताळणीत नावाचा घोळ सगळ्यात जास्त होतो. आधारवर माहेरचे नाव, मतदारयादीत सासरचे, आणि सही "सौ. गंगाबाई" एवढीच. अधिकारी म्हणतो, ही बाई यादीत नाही. म्हणून सहीसमोर यादीतला भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि यादीत छापले आहे तसेच नाव लिहायचे, छपाईची चूक असली तरी चुकीसकट. 160 लागत असतील तर 220 घ्या. घरी येऊन दम देणारे असतात, काही जणी मागे हटतात, त्यांना दोष देऊ नका.

2010 च्या डिसेंबरात चिमूरपासून नागपूरच्या विधानभवनापर्यंत हजारो बाया चालत गेल्या, त्यातून पुढे 2015 ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली. ती 2021 मध्ये उठली. उठवताना त्या चाललेल्या बायांपैकी कितींना विचारले, हा प्रश्न आजही उभा आहे.

अत्याचाराच्या प्रकरणांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. हापशीवर, वावराच्या धुऱ्यावर, रस्त्यावर जे घडते त्याची साक्षीदार बहुतेक वेळा बाईच असते. पण ठाण्यात फिर्याद सांगायला नवरा, भाऊ किंवा कार्यकर्ता बोलतो. शिव्या ती पुरुषांपुढे उच्चारत नाही. मग फिर्यादीत "जातिवाचक शिवीगाळ केली" एवढेच येते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली नेमके शब्द, जातीचा उल्लेख, आणि ते लोकांच्या दृष्टीस पडेल अशा जागी घडले हे तिन्ही लागते. शब्दच नसतील तर पुढे वकील काय वाचणार? यावर उपाय सोपा आहे. ठाण्यात जाण्याआधी गावातल्या दोन बायांनी तिच्यापाशी बसावे, ती बोलेल तसे शब्दशः कागदावर उतरवावे, तारीख, वेळ, जागा आणि कोण कोण उभे होते ते लिहावे, आणि तिने तो कागद तसाच लेखी फिर्याद म्हणून द्यावा. लैंगिक गुन्ह्यात तिचा जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. साक्षीदार म्हणून जबाबासाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचे असते. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये. तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे असेल तर त्याच आठवड्यात लेखी हरकत द्यावी.

1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडले, आणि 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी लिहिलेल्या खुल्या पत्रानंतर देशभर बाया रस्त्यावर आल्या. 1983 ला कायदा बदलला. देशाचा कायदा बदलायला लावणारे प्रकरण आपल्या वैनगंगेच्या काठचे आहे. 2006 ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा भोतमांगे मारल्या गेल्या. त्या वावर टिकवणाऱ्या, मुलांना शिकवणाऱ्या, ठाण्यात साक्ष द्यायला न घाबरणाऱ्या बाई होत्या. आपण त्यांची आठवण पीडित म्हणून काढतो. त्या घरातली लढणारी माणूस तीच होती, असे मंचावर फार कमी बोलले जाते.

कामाची ही वाटणी एकट्या आपल्या मातीतली नाही. अमेरिकेत माँटगोमेरी शहरात 1955 साली काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडली नाही म्हणून रोझा पार्क्स यांना अटक झाली त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन या कॉलेजातल्या प्राध्यापिकेने दोन विद्यार्थ्यांना घेऊन हजारो पत्रके छापली, एका कागदावर तीन-तीन आणि मग कापून. बहिष्कार 381 दिवस चालला. बसऐवजी लोकांना नेणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलचा खर्च भागवायला जॉर्जिया गिल्मोर या स्वयंपाकीणबाईने इतर बायांना जमवले, जेवण आणि केक विकून पैसे आणले. मालकिणींना कळले तर नोकरी जाईल म्हणून देणाऱ्यांची नावे लपवायची होती, तेव्हा त्यांनी गटाचे नावच "कुठूनच नाही" असे ठेवले. आणि 1963 च्या वॉशिंग्टनच्या मोठ्या मोर्चात एकाही बाईला मुख्य भाषण दिले गेले नाही. रोझा पार्क्स तिथे हजर असून. आपल्याकडे मोर्चाची भाकर बांधणाऱ्या बाईला हे लगेच समजेल.

म्हणून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेताना एक गोष्ट आदल्या रात्रीच ठरवा. आत जाणाऱ्या शिष्टमंडळात पाच जण असतील तर तीन बाया, नावांसकट, निवेदनावरच छापलेल्या. ऐनवेळी ठरवले की पुरुष आत जातात आणि बाया उन्हात डांबरावर बसतात. निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पोच बाईनेच घ्यावी आणि तिच्याच रजिस्टरला लावावी. परतीची शेवटची एसटी पाचला असेल तर चार वाजता बाया निघतात आणि खरी बोलणी पाचनंतर होतात. जीपचे भाडे मोर्चाच्या खर्चात आधीच धरा.

आणि आपल्याकडे एक मागणी. मोर्चाच्या बातमीत "महिलांची लक्षणीय उपस्थिती होती" असे छापून येते, वर फोटो बायांचा आणि खाली नावे पुरुषांची. यापुढे आम्ही निवेदनाच्या प्रतीसोबत फोटोतल्या बायांची नावे डावीकडून उजवीकडे लिहून आपल्या तालुका प्रतिनिधीकडे देऊ. ती तशीच छापावीत.

आपल्या,
वनहक्क, दारूबंदी आणि अत्याचारविरोधी कामातल्या काही कार्यकर्त्या
(वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली)